चितळ, कापशी अन संत्र्याची साल

बाई, गेले बरं सगळे. तुमची मंदी सकाळच्या बसनं चंद्रपूरले आपल्या घरी गेली. तुमचे सावली गावचे भाऊ तेरवीचं जेवण झालं अन लगेच निघाले. मांडववाला ताडपत्री सोडून घेऊन गेला. माह्ये हे फर्स्ट शिफ्टले खदानीत गेले. आता घरात मी हाय, तुमच्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन निजलेली माही मांजर कापशी हाय, अन वर हुकाले लटकलेलं तुमचं चितळ हाय. मोठी जाऊ गेल्यावर लहान जावेच्या वाट्याले येवढंच आलं.

"चितळ फेकून दे," म्हणून तुमी सांगून गेल्या. मी हो म्हटलं नाई. मी नाई म्हटलं. अन तुमी उत्तर द्याले थांबल्याच नाई. असं कोणी करते का? आपल्या घरात भांडण अर्धं सोडाचा रिवाज नोता. दोन दोन दिवस चाले, पण एक कोणीतरी शेवटचं बोले, अन ते बहुतेक तुमीच असत होत्या. आता मी काय करू सांगा. चितळ ठेवलं तं एखाद्या दिवशी कापशीचा जीव जाईन. फेकलं तं तुमच्या हातचं सगळ्यात लाडकं झाड माह्या हातानं जाईन. इकडं आड अन तिकडं विहीर, अन मले मधात उभी करून तुमी निंगून गेल्या. राग येते मले तुमचा. रडू येते अन राग बी येते.

घरात झाडं ठेवाची हौस तुमाले पह्यलेपासून नोती. सावलीची पोरगी तुमी, धानाच्या बांधीत वाढलेल्या. तिकडं झाड उचलून घरात आणलं असतं तं लोकं हासले असते, तुमीच सांगत होत्या. पण घुग्घुसले लग्न होऊन आल्या अन पाह्यलं, अंगणातली तुळस सकाळी हिरवी तं संध्याकाळी काळी. एका बाजूनं कोळशाचे ट्रक, दुसऱ्या बाजूनं सिमेंटची भुकटी. भाऊजी गेल्यावर तुमी काही दिवस नुसत्या भिंतीकडं पाहत बसत होत्या. मंग एक दिवस मनी प्लांटची काडी आणून काचेच्या शिशीत लावली. मी म्हटलं, चला, बाईले काही तरी सुचलं. मले काय माहीत, त्या एका काडीचं असं जंगल होईन. तेलाचे डबे, रंगाचे डबे, फुटकी बादली, माह्या लग्नातलं पितळेचं गुंड, सगळ्यात माती भरली तुमी.

चितळ सगळ्यात मोठं. नर्सरीवाला त्याले डिफेनबेकिया म्हणे, पण तुमची जीभ वळे ना. हिरव्या पानावरचे पांढरे ठिपके पाहून तुमी म्हणल्या, "हे तं चितळ हाय वं!" बस, तेच नाव पडलं. पाहुणा आला की तुमी पह्यले चितळ दाखवत होत्या, मंग पाणी देत होत्या.

अन कापशी माही. खदानीच्या वर्कशॉपमांगं एका डंपरच्या चाकापाशी कुईकुई करून राह्यली होती, आमच्या यायनं डब्याच्या थैलीत घालून आणली. तवा पांढरी फक्क होती म्हणून कापशी. घुग्घुसची हवा लागली अन राखेच्या रंगाची झाली. तुमी तिले कधी नावानं हाक मारली नाई. "तुह्यं मांजर" म्हणत होत्या. "तुह्यं मांजर माह्या डब्यात हागलं." "तुह्यं मांजर मनी प्लांट ओढून राह्यलं." मी बी काही कमी नोती. मी म्हणो, "घर माणसाचं हाय का वनखात्याचं?"

सकाळचा चहा झाला की तुमचं पानं पुसणं सुरू. जुन्या लुगड्याचा मऊ फडका, एक वाटी पाणी, अन एकेक पान तळहातावर घेऊन पुसत बसाचं. फडका काळा होऊन जाय. शनिवारी त्या पाण्यात दूध. चहाच्या दुधातलं अर्धी वाटी बाजूले काढून तुमी त्यात पाणी टाकत होत्या अन त्यानं पानं पुसत होत्या. काय चमकत होती पानं! पुऱ्या मोहल्ल्यात नाव झालं. शेजारच्या बाया इचारत, "बाई, तेल लावता का?" तुमी नुसतं हासत होत्या.

तो शनिवार. तुमी पानं पुसून आंघोळीले गेल्या, मी भाकरी थापून राह्यली होती. कापशी आली तं तोंडातून लाळेची धार. पंज्यानं तोंड ओरबाडून राह्यली, जीभ आत जाये ना. पयले वाटलं कुत्र्यानं चावलं. मंग चितळापाशी पाह्यलं तं खालचं पान अर्धं कुरतडलेलं. मी तशीच, पिठाच्या हातानं, तिले थैलीत घातलं अन यायच्या मोटारसायकलवर मांगं बसून जनावराच्या डॉक्टरकडे गेली. रस्ताभर ती थैलीत रडे अन मी वर.

डॉक्टरनं तोंड उघडून पाह्यलं, पाण्यानं धुतलं, सुई देल्ली. म्हणे, "त्या झाडाच्या चिकानं तोंड सुजते, गळा सुजला तं श्वास कोंडते. पण मांजर असं झाड सहसा खात नाई. हिनं काऊन खाल्लं?" मी म्हटलं, "पानाले दूध लावतो आमी." डॉक्टरनं कपाळाले हात लावला. "मंग तं तुमी इख दुधात कालवून वाढून राह्यल्या मावशी."

घरी येऊन मी काय काय बोलली ते सगळं मले आठवते. तुमच्या झाडाले आग लागो म्हटलं. मांजर मारल्याचं पाप फेडाले सोन्याचं मांजर द्या लागते, कुठून आणान, म्हटलं. मंग तुमी बी तापल्या. म्हणल्या, "येवढं काय रडते? मांजरच तं हाय. लेकरू थोडीच हाय."

तुमच्या तोंडातून ते निंगालं अन तुमालेच समजलं काय निंगालं. तुमचा चेहराच उतरला. मले लेकरू झालं नाई हे साऱ्या घुग्घुसले माहीत, पण या घरात त्यावर कोणी बोट ठेवलं नोतं. अन तुमी तं कधीच नाई. मंदी झाली, सव्वा महिना उलटला, अन तुमी तिले माह्या मांडीवर आणून टाकलं होतं. "दोघीची हाय, धर." तिले न्हाऊ मी घाले, वेणी मी घाले, शाळेत मी सोडे, अन कोणी इचारलं तं तुमी म्हणत होत्या, "मंदी काकूचीच हाय, मी नुसती जन्माची." अशी बाई ते वाक्य बोलली. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तं मी विसरली असती.

मंग आपलं बोलणं बंद. एकाच चुलीवर रांधाचं, एकाच घरात निजाचं अन बोलाचं नाई. मजा म्हणजे तुमी मांजराशी कधी बोलत नोत्या, तवा बोलाले लागल्या. "ए मांजरे, सांग तिले, भाजी उतू जाऊन राह्यली." मी बी कमी नाई, मी चितळाले सांगो. "चितळा, सांग त्यायले, पाहून राह्यली हाय मी." हे जेवता जेवता हासले तं आपण दोघी एकदम त्यायच्यावर घसरलो. तेवढ्यात फक्त आपलं एकमत झालं होतं.

तुमी माफी मागितली नाई. तुमच्या स्वभावात नोतंच ते. एक दिवस वेल्डिंगवाले रफीकभाऊ सामान घेऊन दारात. तुमी त्यायले वर बोट दाखवलं, टिनाच्या खालच्या लोखंडी अँगलले हुक लावून मांगितले. रफीकभाऊ म्हणे, "भाभी, इतने ऊपर पानी कैसे डालोगे? घुटने देखो अपने." तुमी म्हणल्या, "तुमी लावा हो. घुटने माह्ये हाय." चितळ वर गेलं, मनी प्लांट वर गेला, कोरफड वर गेली. डॉक्टरले इचारून आल्या होत्या तुमी, मले न सांगता. जे मांजराले चालते ते गवतासारख्या पानाचं झाड तेवढं खाली राह्यलं. अन त्या दिवसापासून दूध बंद. रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्यानं स्टुलावर चढाचं अन नुसत्या पाण्यानं पानं पुसाचं. स्टूल हाले तं मी येऊन पाय धरो. स्टुलाचा. बोलो नाई.

मंग थंडीत संत्री सुरू झाली. तुमाले आंबट सोसत नोतं, एक फोड खाल्ली की रात्रभर छाती जळे. तरी तुमी संत्री आणाले लागल्या. दुपारी सोलून, शिरा काढून, फोडी वाटीत घालून माह्यासमोर ठेवत होत्या. "खा." बस, येवढाच शब्द. मले वाटलं, मोठीनं हार मानली. मी चार फोडी खाल्ल्या की नाई, आपलं बोलणं सुरू झालं. साली तुमी डब्यातल्या मातीवर टाकत होत्या, वर चढून, सगळ्या डब्यात. मी म्हटलं, खत करून राह्यल्या. चिलटं झाली घरात. त्यावरून बी मी किती कटकट केली! "उकिरडा डोक्यावर लटकवला बाईनं," असं मी शेजारी सांगत फिरो. तुमी हूं का चूं केलं नाई.

यंदा पोळ्यानंतर तुमची छाती भरली. चंद्रपूरचा दवाखाना झाला, घरी आल्या, खाट चितळाखाली टाकून मांगितली. पानावर कोळसा चढून राह्यला होता अन तुमी खालून पाहून राह्यल्या होत्या. मी पुसतो म्हटलं तं म्हणल्या, "राहू दे. ते फेकून दे. हुक कधी सुटीन, काही भरोसा नाई. कापशीचा जीव जाईन."

कापशी म्हणल्या तुमी. तुह्यं मांजर नाई म्हणल्या. मले समजलं हो बाई, मी काही येवढी भोळी नाई. तुमी माफी मागून राह्यल्या होत्या. पण मले ती अशी, खाटेवर पडून मांगलेली नोती पायजे. मी म्हटलं, "मी काऊन फेकू? तुमचं झाड, तुमचं काम. बऱ्या व्हा अन तुमच्या हातानं फेका." तुमी हासल्या, त्यात खोकला आला. "लय जिद्दी हायस वं," म्हणल्या. मंग झाडाचा इषय निंगालाच नाई.

दहाव्याले वर्धा नदीच्या काठावर पिंड ठेवला तं कावळा शिवे ना. दूर बाभळीवर बसून राह्यला. तुमच्या भावानं म्हटलं, मंदीच्या लेकराकडं पाहू, कावळा हालला नाई. कोणी म्हटलं, काकूले सांभाळू. नाईच. मंग मंदी रडत म्हणली, "आई, तुही झाडं आमी जपू. एक बी मरू देणार नाई." अन कावळा आला, शिवला. सगळ्या बाया डोळे पुसून म्हणाल्या, पाहा, झाडातच जीव होता तिचा. काय बोलू? बाईनं मले उलटंच सांगतलं हाय, हे दहाव्याच्या घाटावर सांगू? पण कावळ्याले भूक लागते तवा तो येते, हे तुमीच भाऊजीच्या दहाव्याले माह्या कानात म्हणल्या होत्या. आठवलं अन तिथंच मले हासू फुटलं. पदर तोंडाले लावला, लोकाले वाटलं हुंदका हाय.

तेरवीसाठी घर साफ कराले पाहुण्या बाया लागल्या. झाडं खाली उतरवली. डब्यातल्या वाळक्या साली काढून कचऱ्यात टाकल्या, अन मले बी बरंच वाटलं, खोटं काऊन बोलू. तुमचा फोटो मांडला, त्याच्या बाजूले चितळ ठेवलं. तुमची मावसबहीण म्हणे, "तिची पानं कशी चमकत होती!" अन तिनं मायेनं वाटीत दूध घेतलं, पाणी घातलं, अन सारी पानं पुसली. दूध बंद झालं हे तिले कुठून माहीत? पानं खरंच चमकली. बाया म्हणाल्या, अगदी बाईच्या हातची वाटते.

अन कापशी. घरभर माणसं, तिले कोणी खाले देल्लं नोतं. मी वरणाले फोडणी देऊन राह्यली होती, सहज पाह्यलं तं तुमच्या फोटोसमोर बसून ती चितळाचं पान चाटून राह्यली. चाटून झालं, अन तोंड उघडलं. मी हातातला सराटा फेकला. अशी वरडली की भजन थांबलं. तिले उचललं, मोरीत नेऊन तोंड धुतलं, धुतच राह्यली. दात लागला नोता. वाचली. लोकं म्हणे, तेरवीच्या दिवशी मांजरासाठी कल्ला करते, काही समजते का हिले.

मंदीनं मले बाजूले बसवलं. म्हणे, "काकू, डब्यात साली नोत्या का?" मी म्हटलं, त्या खताच्या? मंदी म्हणे, "खताच्या नाई काकू. संत्र्याच्या सालीच्या वासानं मांजर जवळ येत नाई. डॉक्टरनं सांगतलं होतं. हुक तुटला तरी डब्याले तोंड लावू नये म्हणून आई टाकत होती. तुले नोतं सांगतलं?"

नाई सांगतलं. मले फोडी चारल्या अन सांगतलं नाई. किती वर्षं मी उकिरडा उकिरडा करत राह्यली अन तुमी ऐकत राह्यल्या. एकदा तं म्हणाचं होतं, "बावळे, तुह्या मांजरासाठी हाय." जड गेलं असतं का तुमाले?

मंग चितळ कोणी न्याचं, त्यावर पंचायत बसली. मंदी म्हणे मी नेतो. तिची पोट्टी रांगून राह्यली, हाताले येईन ते तोंडात घालते. मी म्हटलं, नाव काढू नको. तुमच्या भावाकडं सावलीले बकऱ्या. चुलत जावयाकडं जिवती गावाले बैलं अन बकऱ्या दोन्ही. या साऱ्या जिल्ह्यात तोंड नसलेलं घर कुठी भेटीन? शेवटी तुमचे भाऊ म्हणाले, "इथीच लटकू दे. दहाव्याले शब्द देल्ला हाय. फेकलं तं तिचा आत्मा भटकीन." झाड परत हुकाले लावलं अन सगळे आपापल्या गावाले गेले.

तं बाई, इथवर काल लिहलं, अन आज सकाळी मी स्टूल घेतलं. पाय धराले कोणी नोतं, भिंतीले धरून चढली. चितळ उतरवलं. हाताले प्लास्टिकची पन्नी बांधली, तरी कुठून तरी चीक लागलाच, आता लिहून राह्यली तं मनगट खाजून राह्यलं. कचरागाडीत टाकलं नाई, रस्त्यावरच्या गाई तोंड घालतात. मांगच्या अंगणात पावड्यानं खड्डा केला, खोल, कुत्रं उकरणार नाई येवढा. डबा पालथा केला. माती सुटली तं खाली सालीच साली. काळ्या झालेल्या, कुजलेल्या, पातळ, थरावर थर. दरवर्षीच्या. मी तिथंच मातीत बसली अन खदानीचा भोंगा वाजेपर्यंत रडली. मंग सारं आत टाकलं, वरून माती लोटली, पायानं दाबली.

तुमी सांगतलं तसं केलं. दहाव्याचा शब्द मोडला, त्याचं जे पाप लागीन ते मले लागो. तुमचं ते वाक्य अजून टोचते, मेल्यावर माणूस चांगलं होते म्हणून मी ते पुसून टाकणार नाई. पण फोडी बी मीच खाल्ल्या ना. तेवढ्या गोड फोडी मले कोणी सोलून देल्ल्या नाई, माह्या मायनं बी नाई.

दुपारी हे ड्युटीवरून आले. हातात थैली. यंदाची पह्यली संत्री. दारात उभे राहून म्हणे, "बाईसाठी घेतली गेली. गाडीवाल्यापाशी गाडी आपोआप थांबली." मंग ते थैली तशीच ठेवून मोरीवर हात धुवाले गेले, लय वेळ धुत राह्यले.

मी एक सोललं. शिरा काढल्या, तुमच्यासारख्या निंगाल्या नाई. आंबट हाय अजून. कापशीनं खाटेवरून मान वर केली, वास घेतला, नाक मुरडलं अन उडी मारून पार परसात पळाली.

फोडी वाटीत ठेवल्या हाय. साल हातात हाय. बाई, ही आता कुठी टाकू?